खोटा बावटा

माझ्या वडिलांनी तीसएक वर्षं बंदरावर बावटा लावला. मुंबईहून वादळाचा निरोप आला की काठीवर खूण चढवायची, धोका टळला की उतरवायची आणि दोन्ही वेळा वहीत नोंद करायची. वहीचे रकाने ठरलेले होते: बावट्याचा नंबर, लावल्याची वेळ, उतरवल्याची वेळ, उतरवणाऱ्याची सही. बाबांना निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण इशारा हा आमच्या घरात चेष्टेचा विषय कधीच नव्हता. आधी ऐकायचं, मग विचारायचं, अशी शिस्त. लहानपणी मी नुसतं 'दूध उतू गेलं' म्हटलं, तरी बाबा ओटीवरून धावत आत यायचे.

म्हणूनच ते फसले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल चौकट आली, भोंगा वाजला आणि खाली लिहून आलं, 'धोका, ताबडतोब बंदोबस्त करा.' बाबांनी चौकटीतलं बटण दाबून ताबडतोब बंदोबस्त केला. दुसऱ्या कुणी वैतागून बंद केलं असतं, दुर्लक्ष केलं असतं. जन्मभर दुसऱ्यांना इशारे देणारा माणूस दुर्लक्ष कसं करणार?

ही गोष्ट सांगताना मला थोडी लाज वाटते, कारण तिच्यात सगळ्यात वाईट वागले ती मी. पण सांगायची आहे ती माझ्या वहिनीसाठी, म्हणून माझा भागही सांगून टाकते.

तो कॉम्प्युटर मुळात माझा. मी अलिबागला एका कचेरीत कामाला आहे. टाइपरायटरवर सुरुवात केली आणि आता सगळं कॉम्प्युटरवर. नवा घेतला तेव्हा जुना चौलला बाबांकडे आणून ठेवला. मराठी टाइप करायला मीच शिकवलं. दोन बोटांनी, एकेक अक्षर शोधत, बाबा लिहायला लागले. काय लिहीत होते, तर त्यांनी लावलेला प्रत्येक बावटा. कुठल्या साली, कुठला नंबर, तेव्हा बाहेर कोण कोण होतं, कोण किती वाजता परत आलं. सरकारी वह्या बंदराच्या कचेरीत राहिल्या होत्या, पण बाबांनी स्वतःसाठी घरी वेगळ्या वह्या ठेवल्या होत्या. पुढे ते मोठं वादळ आलं त्या साली आमची कौलं उडाली आणि माळ्यावरच्या त्या वह्यांचा लगदा झाला. वह्यांमधलं जेवढं आधी टाइप झालं होतं तेवढंच वाचलं. बाकीचं बाबा आठवून आठवून लिहीत होते. सगळं एका फाइलमध्ये. फाइलचं नाव 'बावटे'. तिची दुसरी प्रत कुठेही नव्हती.

प्रत करून घेणं हे माझं काम होतं. दर रविवारी मी चौलला जायचे आणि दर रविवारी म्हणायचे, पुढच्या खेपेला पेनड्राइव्ह आणते. असे दोन वर्षांचे रविवार गेले.

मंगळवारी कचेरीत बाबांचा फोन आला. "बाय, कॉम्प्युटरात विषाणू घुसलेत. नऊशे चौदा." इतका नेमका आकडा ऐकून मला हसू आलं. बाबा म्हणाले, "इशारा आला व्हता. मी बंदोबस्त केलाय, तरी भोंगा थांबत न्हाय." मी कामात होते. शनिवारी येते म्हणाले आणि फोन ठेवला.

शनिवारी जाऊन पाहते तर पडदाभर एक हिरवी ढाल. ढालीखाली आकडे धावत होते आणि नऊशे चौदाचे तेराशे झाले होते. मी 'बावटे' उघडायला गेले तर लाल चौकट आली: ही फाइल दूषित आहे, उघडल्यास नष्ट होईल. त्याखाली, सफाईसाठी कार्डाचा नंबर भरा. आणि एक फोन नंबर. बाबांनी त्या नंबरावर फोनही केला होता. पलीकडच्या माणसाने फार अदबीने सांगितलं होतं की आजोबा, पैसे भरले नाहीत तर तुमचं सगळं लिखाण जाईल. बँकेचं कार्ड माझ्याकडे असतं, म्हणून आम्ही वाचलो. नाहीतर बाबांनी त्यावरचे नंबरही वाचून दाखवले असते, तेही दोनदा, म्हणजे ऐकण्यात चूक नको.

मला वाटत होतं, मला कॉम्प्युटर कळतो. मी बाह्या सरसावून बसले. चौकटीच्या कोपऱ्यातली फुली दाबली, तर दोन चौकटी आल्या. त्या दोन बंद केल्या, तर भोंगा मोठा झाला. तासाभराने मी अलिबागच्या एका दुकानवाल्याला फोन केला. तो न बघताच म्हणाला, सगळं पुसून नव्याने टाकावं लागेल, आतलं काही राहणार नाही. आणि मी, कचेरीत टपालाचं सांगावं तसं कोरडेपणाने बाबांना सांगितलं, "सगळं पुसावं लागेल, बाबा. इलाज नाही."

बाबा उठले. आतून जुनी चादर आणली, कॉम्प्युटरवर घातली, चारही कोपरे नीट खोचले. मग म्हणाले, "जाताना घेऊन जा. मला आता नको." मी म्हटलं, अहो, नवीन करून आणते ना. ते म्हणाले, "न्हाय. खरा इशारा कुठला आन खोटा कुठला, हे मला कळत न्हाय आता. मी कसले बावटे लिवतोय?"

हे मला लागलं. फाइल गेली याचं दुःख मी समजू शकत होते. पण हा माणूस आता स्वतःवरचाच भरवसा काढून घेत होता आणि ते मी बघत होते. मला रडू आलं आणि रागही आला. रागावर बोट ठेवता येईना, म्हणून मी भांडी घासायला घेतली.

दुसऱ्या दिवशी रविवारी भाऊ आणि वहिनी आले, दत्ताच्या जत्रेला. दोघं उरणला राहतात. भावाचे दोन ट्रेलर आहेत आणि वहिनी एका कंटेनर यार्डाच्या गेटवर नोकरी करते. बारा वर्षं झाली. त्या गेटवर ती पहिलीच बाई. लग्नाच्या वेळी मी नाक मुरडलं होतं, हे आता कबूल करते. गेटवर उभी राहणारी वहिनी, असं मी कचेरीत कुणाला सांगितलं नाही. ती मोठ्याने बोलते, कारण इंजिनांवर आवाज चढवायची सवय आहे. जेवतानाही घड्याळ बघते. मला तिचं सगळंच जरा जास्त वाटायचं.

भाऊ मुलांना घेऊन दत्ताचा डोंगर चढायला गेला. वहिनी पायऱ्या चढून दर्शन घेऊन लवकर परत आली. तिला ती चादर दिसली. मी सगळं सांगितलं. तिने पदर खोचला, चादर काढली आणि पहिलं काम केलं ते म्हणजे इंटरनेटची वायर उपटली.

"आधी गेट बंद," ती म्हणाली. "आमचे गेटवर काय संशय आला तर पयलं हेच. ना आत, ना भायेर."

भोंगा वाजतच होता. मी सवयीने फुली दाबायला हात पुढे केला, तर तिने माझा हात धरला. "ताई, त्याने दाखवलेले बटनाला हात नाय लावायचा. ड्रायव्हर जो कागद पुढे करतो तो आमी घेतो, पन त्यावर भरवसा नाय ठेवत. कंटेनरचे सीलचा नंबर आफिसातून येगळा येतो. त्येच्याशी जुळवायचा. जो माल आनतो त्यानेच सांगायचा, माल बरोबर हाय, असा नाय चालत."

मी हात मागे घेतला. नंतर तिने पिशवीतून एक पेनड्राइव्ह काढला. जत्रेला येताना मुलांची गाणी भरायला नवीन घेतलेला, पाकीटही फोडलेलं नव्हतं. तिने पाकीट माझ्यासमोर दाताने फोडलं, पेनड्राइव्ह लावला, उघडून दाखवला. आत काहीच नाही, कोरा. मग ढालीला तो तपासू दिला. नऊ सेकंद लागली. कोऱ्या पेनड्राइव्हात ढालीला एकोणचाळीस विषाणू सापडले.

वहिनी एवढ्या जोरात हसली की बाबा ओटीवरून आत आले.

"बाबा, ह्ये बगा. रिकामा कंटेनर. आन ह्यो सांगतो, आत एकोनचाळीस पेट्या हाईत."

बाबा खाली वाकले. चष्मा वर केला, खाली केला, पेनड्राइव्हकडे पाहिलं, आकड्याकडे पाहिलं. पण परत बाहेर गेले नाहीत. दाराच्या चौकटीला टेकून उभे राहिले. मी मात्र मनातल्या मनात तोंडात मारून घेतलं. मी तासभर त्या आकड्यांशी झगडत होते. आकडाच खोटा असेल, हे तपासून बघावं, असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

पुढचं तिने शांतपणे केलं. शिफ्टचं बटण दाबून धरून कॉम्प्युटर पुन्हा चालू केला आणि तो सेफ मोडमध्ये आणला. तिच्या भाषेत, घरची माणसं तेवढी आत आणि बाकी सगळे फाटकाबाहेर. पडदा साधा दिसला, अक्षरं मोठी झाली, आणि मंगळवारपासून पहिल्यांदाच घर गप्प झालं. ढाल उठलीच नाही. 'बावटे' मात्र होती, जागच्या जागी. वहिनीने ती उघडली नाही. "माल आधी नाय बगायचा," म्हणाली. "आधी ज्याने गडबड केली त्याला काडायचा."

मग तिने कॉम्प्युटरातल्या सगळ्या प्रोग्रामची यादी काढली आणि ती आत आल्याच्या तारखेप्रमाणे लावली. गेटची नोंदवही, ती म्हणाली. मंगळवारच्या तारखेला एकच नाव होतं, ढालीचं. तिने ते काढून टाकलं. मी सुस्कारा सोडला. कॉम्प्युटर नेहमीसारखा चालू केला. मिनिटभर काही झालं नाही. मग भोंगा वाजला आणि ढाल परत आली, पहिल्यासारखीच हिरवीगार.

बाबांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "राहू दे, सूनबाय. जत्रेला आलीस, कशाला त्रास." आणि चादरीकडे हात गेला त्यांचा.

वहिनीने चादर स्वतःच्या मांडीखाली घेतली आणि तिच्यावर बसून राहिली. यादीकडे पाहत होती. मग म्हणाली, "बाबा, भोंगा पयल्यांदा कवा झाला?"

मला वाटलं, बाबा म्हणतील, मंगळवारी. ते आत गेले आणि एक वही घेऊन आले. मला ठाऊकच नव्हतं की ते अजून वही ठेवतात. चौरेघी, रोजच्या वाऱ्याची आणि भरतीची, पेन्सिलीने. त्यांनी बोट फिरवत वाचलं, "मंगळवार. अकरा वाजून वीस मिनिटं. भरती लागलेली. लाल चौकट व भोंगा."

"आन त्येच्या आधी? काय नवीन घेतला व्हता का आत?"

बाबांनी पान मागे उलटलं. "सोमवार. चार वाजून दहा मिनिटं. भरतीच्या वेळा बघत व्हतो. वेळापत्रक दाखवणारा प्रोग्राम घेऊ का, असं विचारलं. हो म्हटलं. मग सूचना पाठवू का, असं विचारलं. हो म्हटलं."

वहिनी खुर्चीतच ताठ झाली. यादीत सोमवारच्या तारखेला एक नाव होतं, भरती-ओहोटीचं. लाटेचं छोटं निळं चित्र. ते तिने मघाशीच पाहिलं होतं, पण सोडून दिलं होतं. समुद्राशी संबंधित आहे, म्हणजे बाबांनीच ठेवलेलं असणार, असं तिला वाटलं होतं. मलाही तसंच वाटलं असतं. या घरात लाटेच्या चित्रावर कोण संशय घेईल? पण तीच लाट काढलेल्या ढालीला पुन्हा आत घेत होती.

"ह्योच फाटक उघडत व्हता," वहिनी म्हणाली. "बाबा, तुमची वही नसती तर मना सापडला नसता. खरा सांगते."

हे ती त्यांची समजूत काढायला म्हणाली नाही. ती समजूत काढणारी बाई नाही. गेटवर एक माणूस दुसऱ्याला कामाचं सांगतो, तसं तिने सांगितलं. आणि बाबांनीही ते तसंच घेतलं. एक स्टूल ओढून ते तिच्या शेजारी बसले, वही मांडीवर उघडी ठेवून.

पुन्हा सेफ मोड. आधी लाट काढली, मग ढाल. कॉम्प्युटर चालू होताना आपोआप काय काय उठतं, त्या यादीतून दोघांची उरलेली नावं पुसली. इंटरनेट बघायच्या प्रोग्राममध्ये कुणाकुणाला सूचना पाठवायची परवानगी दिली आहे ती जागा तिने शोधली आणि सोमवारची ती परवानगी काढून घेतली. कॉम्प्युटर नेहमीसारखा चालू केला, तर या खेपेला भोंगा वाजला नाही. कॉम्प्युटरचं स्वतःचं संरक्षण ढालीने बंद करून ठेवलं होतं. ते तिने सुरू केलं, त्याच्या नव्या माहितीपुरती वायर जोडली आणि सगळं तपासायला लावलं. त्याला दोन तास लागले. "खरी तपासनी येळ खाते," ती म्हणाली, आणि त्या दोन तासांत तिने माझ्याकडून वालाच्या शेंगा सोलून घेतल्या. तो कोरा पेनड्राइव्ह या कॉम्प्युटरला लागला होता, म्हणून मुलांच्या गाण्यांना वापरायचा नाही असं म्हणत तिने बाजूला ठेवला आणि बाबांच्या ई-मेलचा पासवर्ड स्वतःच्या फोनवरून बदलायला लावला.

शेंगा सोलता सोलता मी तिच्याकडे बघत होते. इतकी वर्षं मी तिला मोठ्याने बोलणारी बाई समजत आले. ती किती बारीक बघते, ते मी पाहिलंच नव्हतं. कुणावर ओरडली नाही, बाबांना एकदाही 'असं कसं दाबलंत' म्हणाली नाही. मी शनिवारी ते चार वेळा म्हटलं होतं.

तपासणी संपली, तेव्हा बाबांनीच विचारलं. बराच वेळ मनात धरलेलं असणार. "पण सूनबाय, ओळखायचं कसं? तो इशारा तर इशाऱ्यासारखाच व्हता."

वहिनी म्हणाली, "तुमी बावटा लावायचात तवा होडीवाल्यांकडून काय घ्यायचात?"

"घेणार काय? कुणी कधी चहा पाजला असेल."

"आन बावटा लावायचात कुठं?"

"बंदरावर. काठीवर, सगळ्यांना दिसेल असा."

"कुनाचे होडीत चढून सांगाया गेलात कधी? का आता पैशे काड, न्हाय तर बुडशील?"

बाबा हळूच म्हणाले, "न्हाय. असं कोण करेल."

"मंग," वहिनी म्हणाली आणि उठली. खुर्ची मोकळी केली. "फाईल तुमी उगडा. मी नाय उगडनार."

बाबांनी दोन बोटांनी ती उघडली. सगळं होतं. पहिल्या बावट्यापासून शेवटच्या अर्धवट ओळीपर्यंत. मी पाठीमागे उभी राहून ती शेवटची ओळ वाचली आणि मला कळलं, बाबा मंगळवारी इतक्या घाईने का धावले होते. ते त्या दिवशी एका जुन्या तीन नंबरच्या बावट्याविषयी लिहीत होते. त्याच्या आधीच्या आठवड्यातला इशारा फुकट गेला होता, वादळ आलंच नव्हतं, म्हणून या खेपेला एका होडीने ऐकलं नव्हतं. ओळ तिथेच तुटली होती. पुढे काय झालं ते बाबांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं.

मी पिशवीतून माझा पेनड्राइव्ह काढला. होय, त्या खेपेला मी तो आणला होता. प्रत केली, बाबांना दाखवली आणि दुसरी माझ्या फोनवर घेतली. उशिरा का होईना.

बाबांनी मात्र वही पुढे ओढली. नव्या पानावर पट्टीने चार रकाने आखले. पेन्सिल बाजूला ठेवून खिशातलं पेन काढलं आणि सरकारी अक्षरात लिहिलं. बावट्याचा नंबर: खोटा. लावल्याची वेळ: मंगळवार, अकरा वीस. उतरवल्याची वेळ: रविवार, पाच. मग चौथ्या रकान्यावर बोट ठेवून पेन वहिनीपुढे धरलं.

तीस वर्षांत त्या रकान्यात बाबांशिवाय कुणाची सही झाली नव्हती. त्यांना टाइप करायला मी शिकवलं, कॉम्प्युटर माझा, मुलगी मी. तरी मला त्या पेनचा हेवा वाटला नाही. ते योग्य माणसाच्या हातात जात होतं आणि तसं मला मनापासून वाटलं, हे माझ्यासाठीही नवीन होतं.

वहिनीने सही करण्याआधी नोंद वाचली. अख्खी, डावीकडून उजवीकडे, गेटवर वाचते तशी. मग घड्याळ पाहिलं.

"पाच न्हाय, बाबा. पाच वाजून सात मिनटं."

बाबांनी पाच खोडले नाहीत, पुढे सात मिनिटं लिहिली. त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होतं ते मी त्यांच्या निवृत्तीच्या समारंभातही पाहिलं नव्हतं. वहिनीने सही केली, खाली तारीख टाकली आणि चहा ठेवायला आत गेली.

बाबांनी चादरीची घडी करून माझ्या हातात दिली, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि चष्मा पुसला. मला म्हणाले, "जरा ती शेवटची ओळ वाच. ती होडी किती वाजता निघाली, तिथवर आलो व्हतो मी."